घड्याळांच्या पेटीपासून कुंपणापर्यंत : सीअर्सच्या वाटेवरचे पाच दिवस

एका ग्राहक सहकारी भांडारात मी तीस वर्षे हिशेब पाहिले आणि त्या काळात चांगली चाललेली दुकाने बसतानाही जवळून पाहिली. त्यामुळे शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणाऱ्या मामांनी "आता मला एवढा विमानप्रवास झेपत नाही, तूच येऊन जा" असे कळवले, तेव्हा मी त्यांच्याकडे एकच मागणे केले. नायगारा नको, लास व्हेगास नको. मला सीअर्स दाखवा. फोनवर क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "अरे, दाखवायला सीअर्स आता उरलंय कुठे?" १९६० च्या दशकाच्या मध्यापासून सुमारे पंचवीस वर्षे जी कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती होती, तिची दुकाने आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच राहिली आहेत. तरीही तिच्या खुणा इलिनॉय राज्यात जागोजागी आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये पाच दिवस आम्ही त्या खुणांच्या मागे फिरलो.

दिवस पहिला : मनोरा

नेपरव्हिलहून लोकलने युनियन स्टेशनला उतरून नदी ओलांडली, की समोर काळा मनोरा उभा राहतो. २००९ पासून त्याचे अधिकृत नाव विलिस टॉवर आहे, पण तिकीट तपासनिसापासून मामांपर्यंत सगळे त्याला सीअर्स टॉवरच म्हणतात. ११० मजले आणि ४४२ मीटर उंची असलेली ही इमारत १९७३ साली पुरी उंच झाली आणि पुढची पंचवीसेक वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून ओळखली गेली. तिची रचना ढाक्याहून आलेले अभियंते फझलूर खान यांची आणि वास्तुरचना ब्रूस ग्रॅहम यांची. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना जखडून एक जुडगा केला आहे. काही नळ्या खालीच थांबतात, काही वर जातात आणि शेवटी दोनच टोकापर्यंत पोहोचतात. आपण उसाची मोळी उभी करावी तशी ही कल्पना मला वाटली. मामा स्वतः स्थापत्य अभियंता म्हणून १९७१ साली इथे आले, तेव्हा पोलादाचा सांगाडा वर चढत होता आणि जेवणाच्या सुटीत ते तो पाहायला यायचे.

१०३ व्या मजल्यावरून पश्चिमेकडे पाहिले की सरळ रस्ते आणि रेल्वेचे रूळ क्षितिजापर्यंत जाताना दिसतात. ज्या शेतकऱ्यांच्या जिवावर ही कंपनी उभी राहिली, ते सगळे या रुळांच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. मनोरा बांधताना कंपनीचा हिशेब असा होता, की सुरुवातीला खालचे मजले आपण वापरू, वरचे भाड्याने देऊ आणि माणसे वाढत जातील तसतसे तेही ताब्यात घेऊ. माणसे वाढली नाहीत. इमारत पुरी झाली त्याच सुमाराला कंपनीची वाढ मंदावू लागली होती, आणि १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती येथून उपनगरात निघून गेली. दुकानदाराने गल्ल्यापासून किती उंच बसावे, हा प्रश्न तिथे उभा असताना माझ्या मनातून जाईना.

दुपारी स्टेट स्ट्रीटवरच्या सेकंड लायटर बिल्डिंगसमोर जाऊन उभे राहिलो. विल्यम ल बॅरन जेनी यांनी १८९१ साली बांधलेली ही आठ मजली दगडी इमारत सीअर्सने १९३२ मध्ये, ऐन महामंदीत, भाड्याने घेतली आणि शहराच्या मध्यवस्तीतले आपले मोठे दुकान तेथे थाटले. ते १९८६ साली बंद झाले. पुढे तेथे महाविद्यालयाचे वर्ग भरत असत. इमारतीच्या प्रचंड खिडक्या पाहिल्या, की आतला माल दिवसाच्या उजेडात दिसावा म्हणून केवढा विचार केला होता, ते लक्षात येते. कापडाचा रंग उजेडात दाखवणारा दुकानदार गिऱ्हाइकाला फसवू इच्छित नसतो, असे आमच्याकडचे जुने व्यापारी म्हणत.

दिवस दुसरा : होमन चौक

आज मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे ठिकाण पाहायचे होते. ब्लू लाइनने केडझी-होमन स्थानकावर उतरून दक्षिणेकडे थोडे चालले, की नॉर्थ लॉनडेल वस्तीत विटांचा एक चौदा मजली मनोरा एकटाच उभा दिसतो. हा मूळचा सीअर्स टॉवर, १९०६ सालचा. हल्ली त्याला निकोल्स टॉवर म्हणतात आणि त्यात सामाजिक संस्थांची कार्यालये आहेत.

या मनोऱ्याची गोष्ट मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवूड या छोट्या रेल्वे स्थानकावर सुरू होते. रिचर्ड सीअर्स तेथे स्थानकाचा कारभार पाहत असे. १८८६ साली गावातल्या सराफासाठी आलेली घड्याळांची पेटी त्या सराफाने नाकारली. बावीस-तेवीस वर्षांच्या सीअर्सने ती घड्याळे स्वतः उचलली आणि मार्गावरच्या इतर स्टेशनमास्तरांना थोड्या नफ्यावर विकली. आगगाड्यांमुळे अचूक वेळेची गरज सगळ्यांनाच पडू लागली होती आणि स्टेशनमास्तर हा प्रत्येक गावात ओळखीचा, विश्वासाचा माणूस होता. पुढच्याच वर्षी सीअर्स शिकागोला आला आणि घड्याळदुरुस्तीसाठी त्याने आल्वा रोबक या कारागिराला नोकरीवर ठेवले. त्या दोघांच्या नावाने १८९३ मध्ये 'सीअर्स, रोबक अँड कंपनी' उभी राहिली. रोबक या व्यापारातल्या धोक्यांना घाबरून १८९५ साली पंचवीस हजार डॉलर घेऊन बाहेर पडला. पुढे मंदीत त्याचे पैसे बुडाले आणि १९३३ मध्ये तो त्याच कंपनीत पुन्हा नोकरीला लागला, ही हकीकत मला फार चटका लावून गेली.

सीअर्सच्या कॅटलॉगने काय केले, हे समजण्यासाठी त्या काळचे खेडे डोळ्यांपुढे आणावे लागते. गावात एकच वाण्याचे दुकान, माल मोजका, भाव गिऱ्हाईक पाहून सांगितलेला आणि पीक येईपर्यंतची उधारी. अशा घरात शेकडो पानांचे एक पुस्तक येऊन पडले, ज्यात नांगर, शिवणयंत्र, चष्मा, कोट, व्हायोलिन आणि घोड्याचा खोगीर यांची चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली किंमत छापलेली होती. राजवाड्यातल्या माणसाला आणि माळावरच्या माणसाला एकच भाव. १८९६ साली खेड्यांत घरपोच टपाल सुरू झाले आणि १९१३ साली टपालाने पार्सले जाऊ लागली. सरकारच्या या दोन निर्णयांवाचून हा व्यापार एवढा फोफावला नसता. आपल्याकडेही व्ही. पी. पी.ने पुस्तके आणि औषधे मागवणारी पिढी होऊन गेली, त्यामुळे न पाहिलेल्या दुकानदाराला पैसे देताना मनात होणारी चलबिचल आपल्या वाचकांना सांगावी लागणार नाही. ती घालवण्यासाठी कंपनीने दोन गोष्टी केल्या. माल पसंत नसेल तर पैसे परत, असे वचन दिले. आणि हवी ती मागणी आपल्याला जमेल तशा शब्दांत, कोणत्याही भाषेत लिहून पाठवा, असे कळवले. स्वीडन आणि जर्मनीतून येऊन माळरानावर वसलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या कुटुंबांना ते वाक्य किती आधार देऊन गेले असेल.

एक बारीकशी युक्ती मला दुकानदार म्हणून विशेष आवडली. प्रतिस्पर्धी माँटगोमेरी वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा सीअर्सने आपले पुस्तक आकाराने किंचित लहान ठेवले, कारण घर आवरताना गृहिणी लहान पुस्तक मोठ्या पुस्तकाच्या वर ठेवते.

मात्र मागण्या येणे एक आणि त्या पुऱ्या करणे दुसरे. रिचर्ड सीअर्सला जाहिरातीची धुंदी होती. पुष्कळदा तो जाहिरात आधी लिही आणि माल मागाहून शोधी. परत आलेल्या मालाचे ढीग साचू लागले. ही घडी बसवली ती १८९५ मध्ये भागीदार झालेल्या जूलियस रोझेनवाल्ड या कापडव्यापाऱ्याने. चाळीस एकरांच्या या आवारात १९०६ साली सुमारे तीस लाख चौरस फुटांची मालइमारत उभी राहिली. आगगाडीचे डबे थेट आत येत. प्रत्येक मागणीला पंधरा मिनिटांची एक ठरावीक वेळ नेमून दिलेली असे. निरनिराळ्या विभागांतल्या वस्तू घसरगुंड्यांवरून आणि सरकत्या पट्ट्यांवरून त्या पंधरा मिनिटांत एकाच टोपलीत जमा झाल्या पाहिजेत, नाहीतर उशीर करणाऱ्या विभागाला भुर्दंड बसे. मोटारींचे कारखानेही ज्या काळी असे चालत नव्हते, त्या काळी टपालाने माल पाठवणाऱ्या एका पेढीने हे साधले होते. १९११ पासून माल तपासण्यासाठी कंपनीची स्वतःची प्रयोगशाळाही सुरू झाली. सीअर्सने आपले अध्यक्षपद १९०८ मध्ये सोडले ते रोझेनवाल्डशी मतभेद होऊन. जाहिरातबाजाने दार उघडले आणि हिशेबी माणसाने घर चालवले, हे माझे मत मी मामांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "तू हिशेबनीस, तू दुसरं काय म्हणणार?"

मालइमारत आता नाही. तिच्या जागी घरे आली आहेत. वीजघरात शाळा भरते आणि खोलगट बाग अजून राखलेली आहे. त्या बागेच्या कडेला बसून मी आणखी एका दिवसाचा विचार केला. २ फेब्रुवारी १९२५ रोजी याच आवारात सीअर्सचे पहिले दुकान उघडले. कल्पना जनरल रॉबर्ट वुड यांची. पनामा कालव्याच्या कामावर सामानसुमानाची व्यवस्था पाहिलेला हा लष्करी अधिकारी सरकारी आकडेवारीची जाडजूड पुस्तके आवडीने वाचत असे. शेतकरी शहरात येत आहे आणि त्याच्याकडे मोटार आली आहे, हे त्याने आकड्यांत ओळखले होते. म्हणून त्याने मध्यवस्ती सोडून शहराच्या कडेला, गाड्या उभ्या करायला मोकळी जागा ठेवून दुकाने काढली. १९३१ पर्यंत दुकानांची विक्री कॅटलॉगच्या पुढे गेली. त्याच वर्षी त्याने मोटारविमा विकणारी ऑलस्टेट कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा मंदी येणार म्हणून माँटगोमेरी वॉर्डने हात आखडता घेतला आणि वुडने धडाक्याने दुकाने वाढवली; त्या काही वर्षांत दोन्ही कंपन्यांतले अंतर कधीही न भरण्याइतके वाढले.

या वस्तीने मात्र उतरती कळा फार लवकर पाहिली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर शिकागोच्या पश्चिम भागात आगी लागल्या, १९७३ मध्ये कार्यालय नव्या मनोऱ्यात गेले आणि १९८७ मध्ये येथला कॅटलॉगचा कारखाना बंद झाला. हजारो माणसांचा रोजगार असलेला फाटक बंद होणे म्हणजे काय, हे गिरणगावात वाढलेल्या माणसाला निराळे सांगायला नको. मी परळचा आहे. चिमणी राखून गिरणी पाडलेली मी पाहिली आहे, म्हणून त्या एकट्या मनोऱ्याकडे मला फार वेळ पाहवले नाही.

दिवस तिसरा : टपालाने आलेली घरे

सकाळच्या अॅमट्रॅक गाडीने मी आणि मामेभाऊ कार्लिनव्हिलला निघालो. स्प्रिंगफिल्डच्या पुढचे हे लहान गाव, गाडीने सुमारे चार तास. मोटारीने जाता आले असते, पण मला रेल्वेनेच जायचे होते, कारण जे पाहायला निघालो होतो तेही रेल्वेनेच आले होते.

१९०८ ते १९४० या काळात सीअर्सने कॅटलॉगमधून घरे विकली. सत्तर हजारांच्या वर घरे विकली गेली, असा अंदाज आहे. चित्र पाहून घर निवडायचे, पैसे भरायचे आणि मग गावच्या स्थानकावर डबा येऊन लागायचा. त्यात मापाला कापलेली, क्रमांक घातलेली लाकडे, दारे, खिडक्या, खिळे, रंग आणि कोणता तुकडा कुठे बसवायचा हे सांगणारी पुस्तिका. एका घराचे सुमारे तीस हजार नग. शेजारीपाजारी हाताशी घेऊन माणूस आपले घर स्वतः उभे करू शके.

कार्लिनव्हिलला ही घरे एकटीदुकटी नाहीत. स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९१८ च्या सुमारास येथे कोळशाच्या खाणी घेतल्या आणि कामगारांसाठी सीअर्सकडे सुमारे दहा लाख डॉलरची एकगठ्ठा मागणी नोंदवली. या गावात दीडशेच्या वर घरे बांधली गेली आणि त्यांतली बहुतेक सगळी अजून उभी आहेत. बांधकामावर देखरेख करणारी बाई घोड्यावरून फिरून काम पाही, असे गावकरी सांगतात. खाणी काही वर्षांतच बंद पडल्या, घरे कितीतरी वर्षे ओस राहिली आणि नंतर साध्या कुटुंबांनी ती एकेक करून विकत घेतली. आम्ही बारा चौकांची ती वस्ती पायी फिरलो. आठच नमुने, पण कोणी ओसरी बंद केलेली, कोणी पुढे झोपाळा टांगलेला, कोणी छप्पर बदललेले. ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आम्ही घरांकडे टक लावून पाहतो हे ओळखून आपणहून बोलावले आणि तळघरात नेऊन एका तुळईवर उमटवलेले अक्षर व आकडा दाखवला. मी त्यावर बोट फिरवले. शंभर वर्षांपूर्वी कोणा कामगाराने मारलेला तो शिक्का अजून ठसठशीत होता आणि ती तुळई अजूनही आपल्याला नेमून दिलेल्या जागी होती.

घरांसाठी कंपनी कर्जेही देई. मंदीत हप्ते थकले आणि तिला आपल्याच ग्राहकांची घरे जप्त करावी लागली. ज्याच्या घरी आपला कॅटलॉग जातो त्याच्याच दारावर जप्ती न्यावी लागणे, याने व्यापाराचे जे नुकसान झाले असेल ते कोणत्याही खात्यात दाखवता येत नाही.

दिवस चौथा : रोझेनवाल्डचे पैसे

आज थोडाच फेरफटका झाला. शिकागोच्या दक्षिण भागातले विज्ञान व उद्योग संग्रहालय रोझेनवाल्डने १९२६ मध्ये जाहीर केलेल्या तीस लाख डॉलरच्या देणगीतून उभे राहिले. आपले नाव त्याला द्यायला त्याने नकार दिला. आत एक कोळशाची खाण उभारली आहे. कालच्या खाणकामगारांच्या घरांनंतर ती पाहताना मामेभावालाही आता या प्रवासाची गोडी लागल्याचे दिसले.

पण रोझेनवाल्डचे मोठे काम या इमारतीत नाही. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याबरोबर त्याने १९१२ पासून दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला पैसे दिले. अट एवढीच, की गावानेही आपला वाटा उचलावा; कोणी पैसे द्यावेत, कोणी लाकूड, कोणी श्रम. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा झाल्या. रयतेच्या सहभागातून शाळा उभ्या राहण्याची परंपरा महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळे या अटीचे मोल मला लगेच पटले. याच दक्षिणेत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गावच्या दुकानात गोऱ्यांनंतर ताटकळावे लागे, तेव्हा कॅटलॉगचा अर्ज मात्र कातडीचा रंग विचारत नसे.

दिवस पाचवा : शॉम्बर्ग आणि हॉफमन इस्टेट्स

शेवटच्या दिवशी मामाही आले. आधी शॉम्बर्गच्या वुडफील्ड मॉलमध्ये गेलो. १९७१ साली उघडलेल्या या मॉलच्या नावातला 'वुड' म्हणजे जनरल वुड आणि 'फील्ड' म्हणजे मार्शल फील्ड. शिकागोच्या दोन दुकानदारांवरून ते नाव ठेवले. मार्शल फील्ड हे नाव २००६ मध्ये दुकानांवरून उतरले आणि इलिनॉयमधले सीअर्सचे शेवटचे दुकान याच मॉलमध्ये नोव्हेंबर २०२१ मध्ये बंद झाले. दोघांचीही नावे आता फक्त मॉलच्या पाटीत आहेत.

मामांनी पार्किंगमधली एक बाजू दाखवली. "इथून आम्ही सीअर्सचं केनमोअर नावाचं कपडे धुण्याचं मशीन नेलं. १९७४. तुझ्या मामीनं त्या रात्री भारतात पत्र लिहिलं." त्यांच्या पिढीतल्या मराठी कुटुंबांना या देशात कोणी ओळखत नव्हते, बँका दारात उभे करत नव्हत्या, आणि त्यांचे पहिले उधारीचे खाते सीअर्सने उघडले. सीअर्सच्या क्राफ्ट्समन या हत्यारांच्या छापाचा पाना तुटला तर दुकानात न्यायचा. पावती न विचारता नवा मिळायचा. मामांनी एक पाना असा दोनदा बदलून आणला होता.

तेथून हॉफमन इस्टेट्सला गेलो. टॉवर सोडल्यावर कंपनी या विस्तीर्ण आवारात आली. २०२३ मध्ये ही जागा डेटा सेंटर बांधणाऱ्या कंपनीने घेतली आणि २०२४ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली. आम्ही रस्त्याकडेच्या कुंपणापाशी गाडी थांबवली. पलीकडे सपाट केलेली जमीन आणि मातीचे ढीग होते.

वॉलमार्टने मारले किंवा अॅमेझॉनने मारले, असे सहज म्हटले जाते, पण ते मला पटत नाही. १९८१ मध्ये सीअर्सने शेअर दलालीची डीन विटर आणि घरविक्रीची कोल्डवेल बँकर या कंपन्या घेतल्या, काही वर्षांत डिस्कव्हर हे क्रेडिट कार्ड काढले. यांतले काही धंदे चांगले चालले, पण वरिष्ठांचे लक्ष दुकानाच्या फळीवरून उठले. त्याच काळात वॉलमार्ट खेड्यापाड्यांत, म्हणजे सीअर्सच्या मूळ अंगणात, कमी खर्चात दुकाने उघडत होती. १९९० च्या सुमारास ती विक्रीत पुढे गेली. मग जानेवारी १९९३ मध्ये कंपनीने मोठा कॅटलॉग बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याबरोबर ११३ दुकाने आणि सुमारे पन्नास हजार नोकऱ्या गेल्या. कॅटलॉग तोट्यात होता, हे खरे. पण घरबसल्या मागणी घेण्याचे शंभर वर्षांचे ज्ञान, देशभरची गोदामे, लाखो घरांचे पत्ते, स्वतःचे कार्ड आणि आयबीएमबरोबर काढलेली प्रॉडिजी ही संगणकावरची सेवा, एवढे सगळे एका घरात असताना त्यांची गाठ घालून देणारा कोणी रोझेनवाल्ड तेथे नव्हता. अॅमेझॉनची स्थापना पुढच्याच वर्षीची आहे.

त्यानंतरचे सांगायला फार नाही, आणि मला ते सांगायला आवडतही नाही. दिवाळखोरीतून बाहेर आलेल्या केमार्ट या दुकानसाखळीने, एडी लँपर्ट या गुंतवणूकदाराच्या नेतृत्वाखाली, २००५ मध्ये सीअर्सला आपल्यात घेतले. दुकानांच्या डागडुजीवर स्पर्धकांच्या मानाने फारच थोडा खर्च झाला. २०१५ मध्ये दोनशेहून अधिक जागा सेरिटेज नावाच्या वेगळ्या कंपनीला विकल्या गेल्या आणि अनेक दुकाने आपल्याच जुन्या जागेत भाडेकरू झाली. २०१७ मध्ये क्राफ्ट्समन हे नाव विकले. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मालकीची जमीन विकून घरखर्च चालवणारे वाडे आपणही पाहिले आहेत.

संध्याकाळी मामांनी गॅरेजमधून १९९२ चा जाडजूड कॅटलॉग काढून माझ्या हातात ठेवला. "घेऊन जा. माझ्यामागे इथे कोणी ठेवणार नाही." न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर सामान तोलून मी बॅगेतून दोन जाकिटे बाहेर काढली. मग पाने उलटताना मधोमध टाचलेला मागणीचा अर्ज सापडला. रंग, माप, नग, किंमत अशा ओळी आखलेल्या आणि सगळ्या कोऱ्या. मी मामांकडे पाहिले. ते म्हणाले, "तोवर आम्ही फोनवरूनच मागवायला लागलो होतो, म्हणून तो तसाच राहिला."